गतप्राण गुरांचे वतन

धार आणि देवास या पवारांच्या संस्थानांचा महसूल कशावर उभा होता हे सांगताना इतिहासकार बहुधा गव्हाचे, कापसाचे आणि अफूचे नाव घेतात, आणि ते खरेही आहे. परंतु अफूच्या पिकाला हिवाळाभर पुनःपुन्हा पाणी द्यावे लागे, ते पाणी विहिरीतून उपसावे लागे, उपसणारी मोट, जिला माळवी बोलीत चडस म्हणतात, ती गुराच्या कातड्याची असे, आणि ते कातडे मेलेल्या बैलाच्या किंवा म्हशीच्या अंगावरून कोणीतरी सोलून, कमावून, शिवून दिलेले असे. ही परंपरा मागे मागे नेत त्या शेवटच्या माणसापर्यंत जाऊन पोहोचण्याचे कष्ट फारसे कोणी घेतलेले दिसत नाहीत. मला त्या माणसाविषयी लिहावयाचे आहे. गावातले मृत जनावर उचलणे, फाडणे, त्याची चरबी कढवणे, हाडे वेगळी करणे, हे काम कोणाला तरी करावेच लागते यात शंका नाही. ते अमुकच घरात जन्मलेल्या माणसाने, नाही म्हणण्याचा अधिकार नसताना, केले पाहिजे, ही गोष्ट मात्र मुळीच अपरिहार्य नव्हती. आणि या दोहोंतला भेद समाजाने बुद्धिपुरस्सर पुसून टाकला होता, असे माझे मत आहे.

पवार घराणे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यात स्थिरावले. धारेस आनंदराव पवारांच्या वंशाची गादी झाली, आणि देवासास तुकोजी व जिवाजी या दोन बंधूंच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन पात्या निर्माण झाल्या. १८१८ च्या अखेरीस देवासने आणि १८१९ च्या आरंभी धारने इंग्रजांशी तह केले. १८५७ च्या धामधुमीनंतर जप्त झालेले धार १८६० मध्ये पुन्हा पवारांच्या हाती आले. या सर्व उलाढालीत मराठी कमाविसदार, फडणीस, कारकून आणि त्यांचे मोडी दप्तर माळव्यात आले खरे, पण खेड्याची घडी त्यांनी मोडली नाही, आणि मोडण्याचे त्यांना कारणही नव्हते. देशावर पाटील, कुळकर्णी आणि महार असत, तर येथे पटेल, पटवारी आणि बलाई. देशावर ढोर आणि चांभार कातड्याचे काम करीत, तर येथे ते दप्तरात चमार म्हणून नोंदलेल्या जातीकडे असे. आज ते नाव शिवी म्हणून वापरले जाते, आणि येथे ते केवळ त्या काळच्या नोंदीपुरते घेतले आहे. बलाई हा मूळचा जाडाभरडा कपडा विणणारा आणि गावच्या शिवेचा जाणता. सीमेचा तंटा उद्भवला तर त्याच्या शब्दाला वजन असे, निरोप पोहोचवणे, वाटाड्या म्हणून पुढे जाणे, सरकारी माणसांचे ओझे वाहणे ही त्याची चाकरी. मृत जनावरांचे काम प्रामुख्याने चमारांचे, परंतु त्यांचे घर जेथे नसेल तेथे ते दुसऱ्या कोणा अस्पृश्य मानलेल्या घराच्या माथी बसे.

देवासचे शहर दोन पात्यांत विभागलेले होते, आणि दोन दौलतींच्या अधिकारांची गुंतागुंत पाहून परदेशी पाहुणे चकित होत. १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांनी आपल्या देवासच्या आठवणी पुढे १९५३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या, तेव्हा हे द्विराज्य जगभरच्या वाचकांना ठाऊक झाले. पण मेलेल्या बैलापाशी दोन्ही पात्यांची आणि शेजारच्या धारेचीही वहिवाट एकच होती.

ती वहिवाट अशी. जनावर मेले की धनी त्याला हात लावीत नसे, निरोप जाई. निरोप गेला की चार-सहा माणसांनी वासे आणि दोर घेऊन यावे, शेतातले पीक तोडणीला आलेले असो वा घरात लग्नकार्य असो. मृत जनावर पाय बांधून वाशावर टांगून किंवा फरफटत गावाबाहेरच्या ठरल्या जागी न्यावयाचे, आणि जाताना कोणाच्या दारावरून, कोणाच्या विहिरीजवळून जायचे नाही हेही ठरलेले. मोबदला म्हणून कातडे त्यांचे. पण त्याच कातड्यातून धन्याला वर्षाकाठी जोडा, मोटेची डागडुजी, जुंपणीच्या वाद्या आणि नाडा देणे त्यांच्याकडेच असे. सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, तो हक्क म्हणून नोंदलेला असला तरी पदरात पडताना दान म्हणून पडे. या व्यवहाराचे सर्वांत क्रूर अंग हे की कामाचे वेतन आणि कामाचा कलंक एकाच वस्तूत कोंबलेले होते. ज्या कातड्याने पोट भरावयाचे त्याच कातड्याने माणूस विटाळलेला ठरे, आणि तो विटाळलेला आहे म्हणून दुसरे कोणतेही वेतन त्याला मिळू शकत नसे. मेलेल्या जनावराचे मांस हीसुद्धा याच मोबदल्याची एक बाब होती. भुकेने खाल्लेल्या अन्नाला समाजाने त्या जातीचा स्वभाव ठरवले, आणि मग त्या स्वभावावरून अस्पृश्यतेचे समर्थन केले.

या कामात हुन्नर किती होता याची कल्पना पांढरपेशा वाचकाला नसते, म्हणून ते जरा जवळून पाहिले पाहिजे. माळव्याच्या उन्हाळ्यात मेलेल्या जनावराचे पोट थोड्याच तासांत फुगू लागते आणि कातड्याचा केस सुटू लागतो, म्हणजे माल वाया जातो. तेव्हा घाई ही पहिली अट. जनावर उताणे करून हनुवटीखालून, छातीवरून, पोटाच्या मध्यरेषेने शेपटीच्या मुळापर्यंत एक सरळ चीर घ्यावयाची आणि चारही पायांच्या आतल्या अंगाने तिला येऊन मिळणाऱ्या चार चिरा घ्यावयाच्या. सुरीचे मुख्य काम येथे संपते. पुढे कुशल माणूस मूठ वळून कातडे आणि मांस यांच्यामध्ये घालतो, मनगटाच्या दाबाने ते मोकळे करीत पाठीपर्यंत जातो, आणि जेथे मूठ चालत नाही तेवढ्याच जागी पुन्हा सुरीला हात घालतो. कारण आतल्या बाजूने पडलेली लहानशी खाचदेखील पुढे मोटेत पाण्याच्या धारेच्या रूपाने प्रकट होते आणि बाजारात कातड्याचा भाव उतरवते. कत्तलखान्यातल्या कातड्याला व्यापारात हलाली म्हणत आणि आपल्या मरणाने मेलेल्या जनावराच्या कातड्याला मुर्दार. मुर्दार कातड्यात रक्त साकळून राहिलेले असे म्हणून त्याची किंमत कमी. पण सोलणाऱ्याला त्या कातड्यावर आणखी कितीतरी गोष्टी वाचता येत. मानेवर जुवाचा घट्टा, पुठ्ठ्यावर पराणीने पडलेली भोके, कुशीवर डाग दिल्याचे व्रण, गोचिडांच्या खुणा. ज्या बैलाला पोळ्याच्या दिवशी ओवाळले जाई त्याला उरलेले वर्षभर कसे वागवले गेले याची नोंद फक्त हाच मनुष्य पाहत असे, आणि पराणीची भोके बुजवण्यासाठी ठिगळे लावण्याचे कामही त्याच्याकडेच येई.

कातडे घरी आले की मीठ चोळून, मग चुन्याच्या खड्ड्यात कित्येक दिवस बुडवून ठेवावयाचे, फिरवत राहावयाचे, केस व आतला मांसल थर खरवडून काढावयाचा, चुना निघेपर्यंत धुवावयाचे. नंतर बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा, जे जवळच्या रानात मिळेल त्याचा काढा. जाड कातड्यांसाठी उत्तरेत आणि माळव्यात चालत आलेली एक रीत विशेष पाहण्यासारखी होती: कातडे शिवून त्याची मोठी पिशवी करीत, ती लाकडी तिवईला टांगून आत सालीचा चुरा व काढा भरीत, काढा कातड्यातून झिरपून खालच्या कुंड्यात ठिबके, तो पुन्हा वरून ओतीत, आणि काही दिवसांनी पिशवी उलटी टांगून दुसऱ्या टोकाकडून तीच क्रिया करीत. काढा कातड्याच्या सर्व जाडीतून गेला की नाही हे कडेचा तुकडा कापून रंगावरून ओळखीत. आतड्याभोवतीची आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी लोखंडी कढईत पाण्याबरोबर मंद आचेवर कढवून, वर आलेला थर निवळून घेत. त्या चरबीने कमावलेले कातडे मऊ होई, मोट उन्हात तडकत नसे. कढईचा तो वास अंगाला आणि कपड्याला आठवडाभर राही, आणि ते सर्व काम ज्यांच्यासाठी चाललेले असे ते लोक त्या वासाचे कारण देऊन यांना विहिरीपासून दूर ठेवीत.

या कामात जीवही जात. बुळकांडीच्या साथीत गावची गावे गुरांनी ओस पडत, आणि त्या काळी सोलणाऱ्यांच्या दारात कातड्यांचा ढीग लागे. तो रोग माणसाला होत नसे. परंतु फाशी नावाचा गुरांचा रोग माणसालाही होतो. ज्याला डॉक्टर अँथ्रॅक्स म्हणतात तोच हा. हातावर किंवा मानेवर काळ्या खपलीची, न दुखणारी पुळी येते, आणि उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. अशा जनावराला मुळीच चिरू नये, ते खोल पुरावे, हे आता पशुवैद्यकाचे प्राथमिक सूत्र झाले आहे. गुरांच्या साथींचा शास्त्रीय अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा पुण्यात १८८९ मध्ये स्थापन झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरला गेली. पण तिचे ज्ञान माळव्यातल्या एखाद्या खेड्याच्या हाडाच्या माळापर्यंत पोहोचायला किती काळ लागला असेल! उलट साथ आली की संशय याच लोकांवर. कातड्याच्या लोभाने हे गुरांना सोमल घालतात असा आरोप एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातले अधिकारी आणि जमीनदार वारंवार करीत. असे गुन्हे कोठे घडलेही असतील, परंतु एका संपूर्ण जातीला विषप्रयोग करणारी म्हणून सरकारी कागदांत चढवताना, जनावर मेल्यावर ते उचलण्याची सक्ती कोणी केली होती याचे विस्मरण झालेले दिसते.

विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा, दुष्काळ माळव्यात छप्पनचा काळ म्हणून आठवला जातो. माळवा दुष्काळाला अपरिचित अशी समजूत होती, त्यामुळे मारवाडातून हजारो लोक आपली गुरे हाकीत इकडे आले, आणि येथेही चारा नाही असे पाहून ती गुरे वाटेतच कोसळली. धारच्या डोंगराळ मुलखातले भिल्ल तर गुरांसकट मेले. त्या वर्षी सर्व हिंदुस्थानातून कातड्यांची निर्यात वाढली, आणि हाडे रेल्वे स्टेशनांवर रचली गेली. धारला रेल्वे नव्हती; तिथला माल गाडीने सुमारे ५० किलोमीटरवरच्या महूला जाई आणि तेथून खांडव्याच्या मार्गाने मुंबई बंदराला. युरोपात १८४२ पासून हाडांवर गंधकाम्लाची क्रिया करून सुपरफॉस्फेट हे खत तयार होऊ लागले होते. शिवाय सरस, जिलेटिन, आणि साखर शुभ्र करण्यासाठी लागणारा हाडांचा कोळसा यांसाठीही हाडांना मागणी होती. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखर हाडांनी शुद्ध केलेली म्हणून निषिद्ध ठरवली गेली, त्या वेळी ती हाडे गोळा करणारे हात कोणाचे आणि त्यांना काय मिळते याची चर्चा झाली असती तर किती बरे झाले असते!

हाडे देशाबाहेर जाणे म्हणजे जमिनीतला स्फुरद बाहेर जाणे. हाडात वीस टक्क्यांहून अधिक फॉस्फरिक आम्ल असते, आणि माळव्याची काळी जमीन नत्र व स्फुरद या दोहोंत तोकडीच. सरकारने बोलावलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. व्होल्कर यांनी हिंदी शेतीच्या सुधारणेवरील आपल्या १८९३ च्या अहवालात हाडांच्या या निर्यातीचा प्रश्न विचारात घेतला होता. पुढे १९२४ मध्ये इंदूरला स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि मूत्रमिश्रित माती यांचे थर लावून खत करण्याची जी पद्धती सिद्ध केली, ती इंदूर पद्धती म्हणून जगभर गेली. टाकाऊ पदार्थ हीच शेतीची ठेव आहे हा तिचा गाभा. धार आणि देवासच्या शिवेला लागून हा विचार जन्मास आला याचे मला अगत्य वाटते. जे शास्त्रज्ञ तेव्हा सप्रमाण सांगू लागले ते गावकुसाबाहेरची माणसे शतकानुशतके हातांनी करीत आली होती. मेलेल्या जनावराचे काहीही वाया जाऊ न देणे हे त्यांचे नित्यकर्म होते. शास्त्रज्ञाला त्यासाठी मान मिळाला. तो योग्यच होता, पण तो अर्धाच वाटला गेला.

महू हे गाव आणखी एका कारणासाठी येथे आले पाहिजे. १४ एप्रिल १८९१ रोजी तेथल्या लष्करी छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमरावांचा, म्हणजे पुढच्या बाबासाहेब आंबेडकरांचा, जन्म झाला. महार घराण्यांना वतनाच्या जोखडातून बाहेर पडण्याची जी थोडी दारे एकोणिसाव्या शतकात उघडली होती त्यांत लष्कर हे मुख्य, आणि म्हणून महूच्या छावणीत जन्मलेल्या या बालकाला धारच्या रस्त्यावरच्या एखाद्या खेड्यातल्या मुलाप्रमाणे मृत बैलाच्या मागे चालावे लागले नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना मृत मांस सोडण्याचा आणि ही हलकी मानलेली कामे टाकण्याचा उपदेश केला, आणि सवर्णांनी आपली मेलेली जनावरे आपण पुरावीत असा ठरावही परिषदेने केला. त्याच परिषदेच्या वेळी झालेल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या तेजात या ठरावाकडे लोकांचे दुर्लक्ष होते, पण खेड्यापाड्यांत खरा संघर्ष पेटला तो या ठरावावरून. महारांनी जनावर उचलण्याचे नाकारताच पाणी बंद, दुकान बंद, चराई बंद, असे बहिष्कार ठिकठिकाणी पडले. १९२८ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, तेही याच दास्याच्या मुळावर घाव घालण्यासाठी.

त्याच सुमारास माळव्यात जे घडले ते महाराष्ट्रातल्या वाचकांना कमी ठाऊक आहे. ४ जानेवारी १९२८ च्या टाइम्स ऑफ इंडियात इंदूर संस्थानातली एक बातमी आली: कनाडिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या पंधराएक गावांतल्या सवर्णांनी, त्यांत पटेल आणि पटवारीही होते, बलाई लोकांना अटी घातल्या. जरीकाठी पागोटी बांधू नयेत, रंगीत काठाची धोतरे नेसू नयेत, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, सवर्णाच्या मृत्यूची वार्ता कितीही लांबच्या नातेवाइकाला नेऊन पोहोचवावी, लग्नात वाजंत्री वाजवावी, बाळंतपणात सवर्ण स्त्रियांची सेवा करावी, आणि या सर्व चाकरीबद्दल मोबदला मागू नये; मान्य नसेल त्यांनी गाव सोडावे. बलायांनी नकार दिला. विहिरी बंद झाल्या, गुरांची चराई बंद झाली, सवर्णांच्या शेतातून जाण्यायेण्याची वाट बंद झाली. त्यांनी इंदूर दरबारात अर्ज केले, परंतु वेळेवर दाद लागली नाही, आणि शेकडो माणसे बायकापोरांसह पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून शेजारच्या संस्थानांत निघून गेली: धार, देवास, बागली, भोपाळ, ग्वाल्हेर. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने बैठकच रद्द केल्याने न झालेल्या भाषणात ही हकीकत घेतली, त्यामुळे ती टिकली.

धार आणि देवास या हकीकतीत येतात ती आश्रयस्थाने म्हणून, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पण आश्रयाला येणाऱ्या बलायाच्या स्वागताला कोणती रचना उभी होती? तीच. पटेल तोच, पटवारी तोच, शिवेबाहेरची वस्ती तीच. नव्या गावात घर बांधावयाचे तर पटेलाची परवानगी हवी, आणि परवानगी हवी तर गावची चाकरी कबूल करावी लागे. हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे दरबार वेगळे होते, सनदा वेगळ्या होत्या, शिक्के वेगळे होते, आणि खेड्यातला अलिखित कायदा मात्र एकच होता. संस्थानिकांच्या न्यायबुद्धीविषयी चांगले बोलणारे पुष्कळ सापडतात, आणि ते खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. परंतु पटेलाच्या हातातली ही अदृश्य सनद काढून घेण्याचे धाडस दरबारांना झाले नाही, कारण त्यांच्या जमाबंदीचा गाडा त्याच पटेलाच्या बळावर चालत होता.

या काळात एक युक्तिवाद पुढे येई, आणि तो अजूनही ऐकू येतो: कातडे, हाडे, शिंगे यांचे एवढे उत्पन्न हे लोक अभिमानापायी का सोडतात? हिशेब म्हणून यात तथ्य नाही असे नाही. गुराच्या शवात द्रव्य होते, म्हणूनच पुढे उत्तर प्रदेशातल्या जिल्हा पंचायती मृत जनावरांच्या ठेक्यांचे लिलाव करू लागल्या. पण उत्पन्न इतकेच आकर्षक असते तर ज्यांना ते दिसत होते त्यांनी स्वतः ते घेण्यास कोणती आडकाठी होती? गांधीजींनी मार्ग वेगळा सुचवला. मृत जनावराचे काम आणि चर्मोद्योग हा गोसेवेचाच भाग आहे, त्याला प्रतिष्ठा द्यावी, सवर्णांनीही तो शिकावा, असे त्यांचे म्हणणे. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर यांनी १९३० च्या दशकात चर्मालय उभे केले, आणि कातडे, मांस, चरबी, हाडे या सर्वांचा शास्त्रशुद्ध उपयोग तेथे होऊ लागला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू देण्याच्या हक्कासाठी उपोषण केले होते, त्यांनी १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम स्थापून तेथे चर्मालय चालवले. ब्राह्मण घरात जन्मलेल्या या माणसांनी आपल्या हाताने हे काम पत्करले, याबद्दल मला अपार आदर आहे. तरीही या वादात बाबासाहेबांची बाजू अधिक खरी होती असे मला वाटते, कारण वाळुंजकर आणि अप्पासाहेब यांना ते काम निवडता आले, आणि नको झाल्यावर सोडताही आले असते. ज्याला सोडता येत नाही त्याला त्या कामाची महती सांगणे हे उपदेशकाला सोपे जाते.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघाचे उद्घाटन झाले, आणि धारची गादी, देवासच्या दोन्ही पात्या त्यात विलीन झाल्या. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ चा. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. पण माळव्यात कायद्यापेक्षा तेलाच्या इंजिनाने आणि विजेच्या पंपाने अधिक उलथापालथ केली. अफूचा चीनकडचा व्यापार १९०७ च्या करारानंतर ओसरत जाऊन १९१३ पर्यंत संपलाच होता. आता मोटही विहिरीवरून उतरली. नाडा गेला, वादी गेली, टायरच्या तळव्याचा आणि पुढे रबर-प्लास्टिकचा जोडा आला. गावात कमावलेल्या कातड्याला गावातच गिऱ्हाईक उरले नाही. मुर्दार कातडे मीठ लावून कच्चेच व्यापाऱ्याकडे जाऊ लागले. बाभळीच्या काढ्याची पिशवी टांगणे एका पिढीत विसरले गेले. अशा रीतीने हुन्नर आधी गेला, सक्ती मागे राहिली. ज्यातून काही निर्माण होत होते तो भाग यंत्राने नेला, आणि केवळ उचलून टाकण्याचा भाग त्याच घरांकडे उरला, आता मोटेच्या डागडुजीचा मानही नसलेला. १९७० च्या दशकात देवास औद्योगिक शहर झाले. नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आला, आणि टाटांचा चामड्याचा कारखानाही आला, ज्यातून कमावलेले चामडे परदेशी जाऊ लागले. क्रोमच्या पिंपात तेच कातडे पडले तेव्हा ते उद्योग झाले, त्याला पगार, पाळी, भविष्यनिर्वाह निधी लाभला.

मांसाचा भार तोवर गिधाडे वाहत होती. एका मोठ्या थव्याला बैलाचा सांगाडा मोकळा करण्यास तासाभराचाही अवधी पुरे होई. १९९० नंतर ती नाहीशी होऊ लागली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक शवातून पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते हे २००४ मध्ये सिद्ध झाले, २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी त्या औषधाचे उत्पादन बंद केले, पण तोपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा नव्याण्णवांवर नष्ट झाली होती. हाडाच्या माळांवर कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्या. आणि ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उनाजवळच्या मोटा समढियाळा येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना गोहत्येच्या संशयाने बांधून मारले गेले, तेव्हा सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर मृत गुरे आणून टाकण्यात आली, आणि महाडचा ठराव नव्वद वर्षांनी पुन्हा उच्चारला गेला. जे काम करावे लागते म्हणून तुच्छ लेखावयाचे, तेच केले म्हणून मारावयाचे, ही अवस्था छप्पनच्या काळातही आली नव्हती.

धार आणि देवासच्या शहरांतून आता मृत जनावर नगरपालिकेच्या गाडीतून जाते. खेड्यात ज्याचे जनावर त्याने खड्डा खणावा, किंवा पैसे देऊन जेसीबी बोलवावा, असा क्रम रूढ होऊ लागला आहे, आणि जेथे तो झाला तेथे सक्तीचे शेवटचे निमित्त संपले. परंतु गाडीवर चढणारा मनुष्य पुष्कळ ठिकाणी अजून त्याच वस्तीतून येतो. त्याला हातमोजे आणि बूट मिळाले पाहिजेत, त्याचा पगार कायम नोकराचा असला पाहिजे, आणि नगरपालिकेच्या आस्थापनेत त्याच्या पदावर कोणत्याही जातीचा उमेदवार अर्ज करील अशी ती जागा झाली पाहिजे. त्याहून तातडीची एक गोष्ट आहे. फाशी रोगाचे बीज मातीत कित्येक दशके जिवंत राहते, आणि ते शव उघडताच हवेशी संबंध येऊन तयार होते. म्हणून जनावर कशाने मेले याची पशुवैद्यकाची चिठ्ठी धन्याने आधी आणून द्यावी, नाकातोंडातून काळे न गोठणारे रक्त आले असेल तर त्या शवाला सुरी लावू नये, सहा फूट खोल, विहिरीपासून दूर, खाली-वर चुना टाकून ते पुरावे, आणि चिठ्ठी नसेल तर गाडीवाल्याने शव उचलण्यास नकार द्यावा. नकार दिल्याबद्दल त्याच्यावर कसूर लावता येणार नाही, असा लेखी हुकूम प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे.